हे कोणाच्या वाट्यातून? भागवतातले पाच वाटे आणि आपला घरचा हिशोब



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ८, अध्याय १९, श्लोक ३६ आणि ३७. जमलं तर सोबत एकनाथी भागवताचा २३ वा अध्याय.

महिन्याचा पहिला आठवडा आहे. बऱ्याच जणांचा पगार जमा झाला असेल, आणि ईएमआय, भाडं, क्रेडिट कार्डाचं बिल असं करत अर्धा गेलासुद्धा असेल. म्हणून आज मुद्दाम हा विषय घेतला. "देवाच्या ब्लॉगवर बजेट कशाला?" असं वाटलं तर आजचे दोन श्लोक एकदा वाचाच. पैशाचे वाटे कसे करावेत हे तिथे सरळ सांगितलंय.

प्रसंग काय आहे

वामन बटूच्या रूपात भगवान बळीराजाच्या यज्ञात येतात आणि तीन पावलं जमीन मागतात. बळी हो म्हणतो. गुरू शुक्राचार्य ओळखतात की हा साधा बटू नाही, साक्षात विष्णू आहे. ते बळीला थांबवायला बघतात, आणि त्या ओघात गृहस्थाच्या पैशाबद्दल दोन गोष्टी सांगतात.

पहिली (श्लोक ३६): ज्या दानाने स्वतःची उपजीविकाच धोक्यात येते, त्या दानाला जाणते लोक चांगलं म्हणत नाहीत. दान, यज्ञ, तप हे सगळं पोटापाण्याची सोय असलेल्या माणसाच्या हातून घडतं.

दुसरी (श्लोक ३७): आपल्या संपत्तीचे पाच वाटे करावेत. धर्मासाठी, यशासाठी, अर्थासाठी, कामासाठी आणि स्वजनांसाठी. असे वाटे करणारा इथेही सुखी होतो आणि परलोकातही.

बळीने मात्र गुरूंचं ऐकलं नाही. पुढच्याच अध्यायात तो म्हणतो, मी प्रल्हादाचा नातू, एकदा देतो म्हटल्यावर मागे कसा फिरू? म्हणजे वाटे करायचा नियम गृहस्थासाठी खरा आहे, पण दिलेला शब्द त्याच्याही आधी येतो. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे बजेट मांडताना तोच लागणार आहे.

पाच वाटे म्हणजे नेमकं काय

धर्म: देवाचं, दानाचं, गरजूचं. मंदिर, अन्नदान, वारीतल्या सेवेसाठी काढलेले पैसे, शिकणाऱ्या एखाद्या मुलाची फी.

यश: चारचौघांत आपलं माणूसपण राखणारा खर्च. सार्वजनिक गणपतीची वर्गणी, लग्नातला आहेर, घरी आलेल्याचं आदरातिथ्य.

अर्थ: पैशाने पैसा वाढावा म्हणून ठेवलेला भाग. अडीअडचणीची शिल्लक, एसआयपी, पीपीएफ, एखादा कोर्स करून वाढवलेलं कौशल्य.

काम: आपल्या इच्छा. सिनेमा, बाहेरचं जेवण, नवा मोबाइल, सुट्टीतली सहल. हा वाटा भागवताने नाकारलेला नाही, पाचात मोजलाय.

स्वजन: घरची माणसं. किराणा, दूध, मुलांचं, आईवडिलांची औषधं.

श्लोकात पाच भाग सांगितलेत, पण टक्केवारी दिलेली नाही. आजकाल आपण ५०-३०-२० चा नियम ऐकतो: गरजा ५०, इच्छा ३०, बचत आणि कर्जफेड २०. हा नियम एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने २००५ मध्ये एका पुस्तकातून लोकप्रिय केला. सुरुवातीला तो कामाला येतो. पण त्यात देवाचा, समाजाचा आणि आईवडिलांचा वेगळा रकाना नाही. रकाना नसला की तो खर्च महिनाअखेरीला उरलं तर होतो, आणि मुंबईत महिनाअखेरीला काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे.

वाटा ठरला की मागावं लागत नाही

मला या श्लोकात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं. बजेट म्हणजे खर्चाला लगाम, असं आपल्या डोक्यात असतं. भागवताचा शब्द मात्र वाटा आहे. भावाभावांत जमिनीचा वाटा असतो तसा. एकदा वाटा ठरला की ती वस्तू त्याची होते, त्यासाठी कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

आमच्याकडे आईवडील आमच्यासोबतच राहतात. आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे. गोळ्या संपल्या तरी ती दोन-तीन दिवस बोलायची नाही. "तुमचे हप्ते चालू आहेत ना, राहू दे." घराघरातल्या आया हेच म्हणतात. स्वजनांच्या वाट्यात तिच्या औषधांचा आणि फिजिओथेरपीचा वेगळा आकडा धरला आणि तो १ तारखेलाच तिच्या खात्यात जायला लागला, तेव्हापासून हे बोलणं थांबलं. रक्कम फार वाढली नाही. पण ते पैसे आता तिचे आहेत, मुलाच्या पगारातून मागितलेले नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या मनाला या फरकाने किती बळ येतं, ते डोळ्यांनी बघितलंय.

याउलट चित्र एकनाथी भागवताच्या २३ व्या अध्यायात आहे. अवंती नगरीतला एक ब्राह्मण, शेती आणि व्यापारातून गडगंज झालेला. पण असा कदर्यू की घरच्यांना पोटभर नाही, पाहुण्याला गोड शब्द नाही, देवधर्म नाही आणि स्वतःच्या जिवालाही सुख नाही. ज्यांना ज्यांना वाटा मिळायला हवा होता ते सगळे त्याच्यावर रुसले. मग पैसा गेला. काही नातलगांनी नेला, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाच्या ओघात संपला. पुढे त्याला वैराग्य आलं आणि तो भिक्षू झाला, ती गोष्ट फार सुंदर आहे. पण आज एवढंच घेऊ: काटकसर आणि कंजुषी या वेगळ्या गोष्टी आहेत. काटकसरी माणूस प्रत्येकाचा वाटा राखतो, कंजूष सगळ्यांचे वाटे अडवून ठेवतो.

कागदावर कसं दिसतं

समजा घरात दर महिन्याला ९०,००० रुपये हातात येतात. तुमचा आकडा वेगळा असेल, पद्धत तीच ठेवा.

१. आधी दिलेला शब्द. बळीराजा आठवा. भाडं किंवा घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, लाइटबिल, गॅस. इथे शब्द मोडायची मुभा नाही. समजा ३४,०००.

२. मग वर्षाचे खर्च महिन्यावर आणा. बजेट बहुतेक इथेच कोसळतं, कारण हे खर्च दर महिन्याला दिसत नाहीत. मेडिक्लेम २४,०००, शाळेची फी ३६,०००, गणपतीला गावी जाणं आणि सण १८,०००, घरातली दुरुस्ती १२,०००, लग्नकार्यातले आहेर ६,०००. एकूण ९६,०००, म्हणजे महिन्याला ८,०००. आपल्या सोसायट्या हेच करतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड सांगितलाय, बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दर वर्षी. इमारत आज पडत नाही, तरी आजपासून बाजूला काढायचे. घराचाही असा एक फंड हवा, वेगळ्या खात्यात.

३. उरले ४८,०००. आता पाच वाटे. स्वजन २२,०००, अर्थ १३,०००, काम ६,०००, धर्म ५,०००, यश २,०००. आहेर आधीच वर्षाच्या खर्चात धरलेत, म्हणून यशाचा वाटा इथे लहान दिसतो.

बेरीज करून बघा, ९०,००० जुळतात.

अर्थाच्या वाट्यात पहिलं काम म्हणजे अडचणीची शिल्लक. आपल्या आयटीत एक मेल येतो आणि दुपारपर्यंत लॅपटॉप परत द्यावा लागतो, हे आता कोणाला नवीन नाही. वरच्या उदाहरणात नोकरी गेली तरी ३४,०००, ८,००० आणि २२,००० म्हणजे ६४,००० रुपये दर महिन्याला लागणारच. सहा महिन्यांचे ३,८४,००० होतात. अर्थाचा सगळा वाटा त्यातच टाकला तरी साधारण ३० महिने लागतील. आकडा बघून छाती दडपते, खरं आहे.

अशा वेळी मी आमच्या चारकोपकडे बघतो. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने ही वसाहत आखली तेव्हा इथे तयार फ्लॅट नव्हते. लहान लहान प्लॉट होते, मधल्या मोकळ्या अंगणाभोवती. साधारण पस्तीस घरांची मिळून एक सोसायटी. रस्ता, पाणी, गटार योजनेतून आलं, घर ज्याचं त्याने बांधायचं. लोकांनी आधी एक खोली उभी केली. पुढे पैसे जमले तशी लादी, मग वरची खोली, मग मजला. सेक्टरांतून फिरताना अजूनही कुठल्या घराने कधी हात सैल केला असेल याचा अंदाज येतो. ज्यांच्या हातात एकरकमी काहीच नव्हतं, त्यांनी ही वस्ती उभी केली. ३० महिने म्हणजे काही जन्म नाही.

बजेट मोडतं कुठे

मांडणं एका रविवारचं काम आहे, टिकवणं रोजचं. यासाठी नाथांची एक गोष्ट परंपरेत सांगतात.

एकनाथ महाराज तरुणपणी देवगिरीला जनार्दन स्वामींकडे होते. स्वामी किल्ल्याचा कारभार बघायचे आणि हिशोबाचं काम नाथांकडे होतं. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ दिवा लावून बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी बघत होते. ते म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर हेच चित्त भगवंताकडे लागलं तर काय होईल?

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा "हिशोब सोड, देव धर" अशी ऐकतो. मला ती तशी वाटत नाही. स्वामींनी "एका पैसाठी कशाला जागलास?" असं विचारलं नाही. त्यांनी त्या एकाग्रतेतच शिष्याची तयारी ओळखली. याच नाथांनी पुढे १५७३ मध्ये काशीत अठरा हजारांहून जास्त ओव्यांचं एकनाथी भागवत पूर्ण केलं. पैचा मेळ घालणारं चित्त आणि ओवीचा मेळ घालणारं चित्त, दोन्ही एकाच माणसाचं होतं.

तुकोबांचंही बघा. घर दुकानदारीचं, सावकारीचं. १६३० च्या सुमारास दुष्काळाने सगळं मोडलं. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे आपण भक्तिभावाने सांगतो. पण चरित्रकार सांगतात की आधी वाटणी झाली. धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा त्याला दिला आणि फक्त आपला अर्धा नदीत सोडला. म्हणजे वैराग्याच्या क्षणीसुद्धा दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. "मी आता विरक्त झालोय, पैशाचं मला काही पडलेलं नाही," असं म्हणत घरच्यांना हप्त्यांच्या काळजीत ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

आता टिकवण्यासाठी चार गोष्टी. आमच्या घरात या चालतात.

पगाराच्या दिवशीच वाटे. अर्थ, धर्म, आईचा भाग आणि वर्षाचा फंड त्याच दिवशी आपापल्या खात्यात. महिनाभर मनाशी भांडत बसण्यापेक्षा एकदाच पाठवून मोकळं व्हायचं. आपल्या आधीच्या पिढीतल्या बायका वाण्याचे, दुधाचे, लाइटचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत ठेवायच्या. हे त्याचंच आजचं रूप.

रोज पाच मिनिटं लिहिणं. रात्री हरिपाठाच्या आधी दिवसाचा खर्च वहीत. ॲप चांगली आहेत, मीही वापरतो. पण यूपीआयने पैसे जाताना हाताला काहीच कळत नाही. २० रुपयांचा चहा आणि २,००० रुपयांचे बूट, बोटाला दोन्ही सारखेच. हाताने लिहिताना तो खर्च पुन्हा एकदा डोळ्यांसमोर येतो. मग हरिपाठाला बसताना डोक्यात "कुठे गेले पैसे" हे घोळत नाही. हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

एकादशीला तपासणी. महिन्यातून दोनदा येते. उपवास करा न करा, त्या दिवशी कामाच्या वाट्यातून एक रुपयाही नाही. आणि चालू असलेले ऑटोपे बघायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या बहुतेक हप्त्यांना दर वेळी ओटीपी लागत नाही. ती सूचना आपण न वाचता सरकवतो आणि न बघितलेल्या ओटीटीचे पैसे जात राहतात. एकादशीला अशी एक तरी गोष्ट बंद करा.

आणि चौथी, एक प्रश्न. ठरलेल्यापेक्षा जास्त खर्च समोर आला की नवरा-बायकोने एकमेकांना एवढंच विचारायचं: "हे कोणाच्या वाट्यातून?" "परवडतं का?" असं विचारलं की भांडण होतं, कारण परवडायला क्रेडिट कार्डावर सगळंच परवडतं. "कोणाच्या वाट्यातून?" म्हटलं की नाव घ्यावं लागतं. नवा फोन हवाय? घेऊ. चार महिन्यांच्या कामाच्या वाट्यातून, की आईच्या फिजिओथेरपीतून? उत्तर बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच मिळतं. कधी खरंच वाटा बदलायला लागतो, दवाखाना निघतो, कोणाचं लग्न ठरतं. तेव्हा दोघांनी बसून, नाव घेऊन बदलायचा. बजेट असं बदललं तर ते मोडलं असं होत नाही.

क्रेडिट कार्डाबद्दल एक हिशोब देतो, कारण तरुण घरं तिथेच अडकतात. समजा ५०,००० थकलेत आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के. व्याज १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. तुम्ही ५ टक्के किमान रक्कम म्हणून २,५०० भरलेत तर मूळ कर्ज फक्त ४३५ रुपयांनी उतरतं. अशी थकबाकी असेल तर अर्थाच्या वाट्यातून एसआयपी थांबवून आधी ती फेडा. ३६ व्या श्लोकाचाही विचार करा. कर्ज काढून केलेलं मोठं दान, कार्डावर केलेला मोठा धार्मिक सोहळा, याला शास्त्र चांगलं म्हणत नाही. थकबाकी फिटेपर्यंत धर्माचा वाटा १०१ रुपयांचा असला तरी चालेल. फक्त रकाना पुसू नका.

आजचा अभ्यास

एक कोरा कागद घ्या. गेल्या महिन्याचं बँक स्टेटमेंट उघडा आणि प्रत्येक खर्चापुढे एक अक्षर लिहा: ध, य, अ, का, स्व. दिलेल्या शब्दाच्या हप्त्यांपुढे "श". मग बेरीज करा. कोणाचा वाटा कोण खातंय ते दिसेल. दिसलं की चिडू नका, स्वतःवरही नाही आणि घरच्या कोणावरही नाही. नाथांनी रात्रभर चूक शोधली, पण कोणाला दोष दिल्याचं त्या गोष्टीत नाही.

समर्थांनीही दासबोधात प्रपंच आधी नीट करायला सांगितला आणि मग परमार्थाचा विवेक. दोन्हीपैकी एकही सोडायला सांगितलं नाही.

प्रार्थना

हे पांडुरंगा, महिन्याला जे हातात येतं ते तुझंच आहे, माझ्याकडे फक्त वाटपाचं काम आहे. ज्याचा वाटा त्याला वेळेवर पोचवायची बुद्धी दे. घरातल्या कोणालाही माझ्याकडे हात पसरायला लागू नये. आणि रात्री वही मिटली की चित्त तुझ्या नामाला मोकळं असू दे.

उद्याचं वाचन: स्कंध ८, अध्याय २०. बळीने गुरूंना दिलेलं उत्तर.

राम कृष्ण हरी.